खोर फक्कानचे पाच खडे

कुंदावहिनी गेल्याची बातमी मला इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. मी त्यांची सख्खी जाऊ. अठ्ठावीस वर्षं आम्ही दोघींनी या देशात एका आडनावाखाली काढली, आणि मला कळलं ते शारजाच्या भाजीबाजारात अळूची जुडी निवडताना, फोन किणकिणला म्हणून. कोणीतरी वहिनींचा फोटो टाकला होता. तोही मुद्दाम जुना, दादा, म्हणजे माझे थोरले दीर, असतानाचा, कपाळावर ठसठशीत कुंकू असलेला. त्याखाली अठरा जणींचे जोडलेले हात, आणि एकोणिसावीचा प्रश्न : उकडीच्या मोदकाचा साचा जास्तीचा कोणाकडे आहे का? विनयचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, फोन त्यानंतर सात मिनिटांनी आला. तो आणि केतकी, वहिनींची मुलगी, पहाटेपासून हॉस्पिटलमध्येच होते. पुढच्या कागदपत्रांसाठी त्याने मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना आधी विचारलं, आणि बाईंनी लगेच ग्रुपवर टाकून दिलं. मी अळू तिथेच ठेवलं आणि बाजाराबाहेर येऊन उन्हात उभी राहिले. रडू आलं नाही. शिसारी आली.

वर्तमानपत्राच्या पुरवणीत असं लिहायचं नसतं, मला माहीत आहे. गेलेल्या माणसाबद्दल कसं गोड लिहावं, हाताची चव, हसरा चेहरा, सर्वांना धरून राहण्याचा स्वभाव. वहिनींचा चेहरा हसरा नव्हता. कपाळाला आठी आणि आवाज असा की स्वयंपाकघरातून हाक मारली तर शेजारचा बंगाली गाडी धुणारा दचकायचा. हाताला चव होती, पण जेवणाऱ्याने नावं ठेवायची हिंमत करावी अशी सोय नव्हती. दादांची नोकरी उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, पाइपच्या कारखान्यात. तिथल्याच एका जुन्या बैठ्या घरात वहिनी लग्न होऊन आल्या आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, दाराशी एक पायरी, पायरीशेजारी बोगनवेल. आम्ही सगळे पुढे शारजा, दुबई करत टॉवरमध्ये चढलो. त्या म्हणायच्या, ‘‘मला पायरी लागते बाई. लिफ्टमधून गौर आणायची म्हणजे काय, ती पार्सल आहे का?’’

गौर हा आमच्या घरचा मोठा सण. आमच्याकडे मुखवटे नाहीत, साड्या नेसवलेल्या उभ्या गौरी नाहीत. खड्यांची गौर. घरातल्या बाईने पाण्याकाठी जायचं, पाच खडे वेचायचे, ताम्हनात घालून खणाने झाकायचे आणि घरी आणायचे. वाटेत बोलायचं नाही, मागे वळून बघायचं नाही, तोंडात पाण्याची गुळणी धरायची. दारात पाय धुवून घ्यायचे, ओवाळून घ्यायचं, गुळणी टाकायची आणि मग घरात शिरून खोलीखोलीतून फिरायचं. घरातल्यांनी विचारायचं, ‘‘इथे काय आहे?’’ आणि गौर आणणारीने म्हणायचं, ‘‘उदंड आहे.’’ बस, एवढंच. पाच दगड आणि दोन शब्द. रत्नागिरीकडच्या आमच्या गावात पऱ्ह्यापासून, म्हणजे ओढ्यापासून, घरापर्यंत चालत पाच मिनिटं लागतात, त्यामुळे तिथे हे सगळं सोपं होतं.

इथे पाणवठा कुठला? पहिल्या वर्षी वहिनींनी एका बँकेबाहेरच्या कुंडीतले शोभेचे पांढरे खडे उचलले आणि आयुष्यभर त्याची लाज बाळगली. ‘‘त्या वर्षी बँकेचीच गौर आली घरात,’’ असं म्हणायच्या. मग दोन वर्षं आमच्या बाजूच्या किनाऱ्यावर शोधलं, तर सगळी रेती आणि शिंपले. शेवटी दादांनी कारखान्याचा माल घेऊन खोर फक्कानला जाणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं, आणि कळलं की तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतो आणि गोटे पडलेले असतात. तेव्हापासून नेम झाला. भाद्रपदातल्या उकाड्यात, पहाटे साडेपाचला गाडी काढायची, डोंगर ओलांडून पलीकडच्या समुद्रावर जायचं. कंटेनर बंदराच्या मोठमोठ्या क्रेन मागे टाकून पुढे एक सुका ओढा समुद्राला मिळतो. तिथे वहिनी साडी खोचून पाण्यात उतरायच्या आणि पाच खडे शोधायला अर्धा तास लावायच्या. हा चिरलेला, तो खडबडीत, याच्यावर डाग. दादा गाडीशी उभे राहून ओरडायचे, ‘‘यल्ला कुंदा, चल आता, नवरी शोधत नाहीयेस!’’

आणि परतीचा रस्ता... सव्वा तासाचा. गुळणी सव्वा तास धरता येत नाही, हे त्यांनाही पटलं होतं. म्हणून त्यांनी स्वतःच्या अधिकारात नियम केला : मौन खोर फक्कानपासून, गुळणी गल्लीच्या तोंडापासून. मौन एकट्या त्यांचं, पण त्यांच्या नजरेच्या धाकाने गाडीत कोणीच बोलायचं नाही. एका वर्षी पोलिसाने गाडी थांबवली. दादांची कागदपत्रं पाहिली, मग मागे बसलेल्या वहिनींकडे बघून विचारलं, मांडीवर काय आहे. दादांनी खण उचलून दाखवला. दगड. पोलीस बुचकळ्यात. ‘‘मॅडम का बोलत नाहीत?’’ दादा म्हणाले, ‘‘टुडे नो टॉकिंग सर, रिलीजन.’’ पोलिसाने दोन क्षण विचार केला आणि अगदी कळवळून म्हणाला, ‘‘ओन्ली टुडे?’’ आणि सोडून दिलं. वहिनी हसू दाबून दाबून लाल झाल्या, पण तोंड उघडलं नाही. घरी आल्यावर, ‘उदंड आहे’ म्हणून झाल्यावर, पाटावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. त्या हसताना मी पाहिलेल्या मोजक्या वेळांतली ती एक.

मी लग्न होऊन आले तेव्हा केतकी नऊ वर्षांची होती. वहिनी ताम्हन घेऊन फ्रिजसमोर उभ्या राहायच्या, वॉशिंग मशीनसमोर उभ्या राहायच्या, आणि मी विचारायची, इथे काय आहे. केतकी फ्रिज उघडून ओरडायची, ‘‘आई, बट देअर्स नथिंग इन इट!’’ ‘‘उदंड आहे म्हण, गधडे,’’ वहिनी दातांतल्या दातांत म्हणायच्या. धाकटी सून म्हणून माझं काम ठरलेलं होतं. पाय धुवायला पाण्याचा तांब्या धरायचा, पावलं काढायची, प्रश्न विचारायचा. तेवीस वर्षं मी तांब्या धरला. दुसऱ्या दिवशीच्या नैवेद्याचं घावन-घाटलंसुद्धा वहिनींच्या हातचं. मला नारळ खवायला बसवायच्या.

पाच वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, दादा गेले. कामावरून आले, सोफ्यावर टेकले आणि खलास. त्या वर्षीचा सण सुतकात गेला. त्यानंतरच्या भाद्रपदात वहिनींनी मला फोन केला, ‘‘विनयला सांग, पहाटे साडेपाच.’’ नेहमीसारखा. आम्ही गेलो. त्यांनी नेहमीसारखा अर्धा तास लावला. ओरडायला दादा नव्हते, म्हणून पाऊण तास लावला म्हणा. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून गुळणी घेतली आणि ताम्हन घेऊन घराकडे चालायला लागल्या. मी पुढे जाऊन तांब्या घेऊन पायरीवर उभी राहिले.

घरात तीन बायका आधीच येऊन बसल्या होत्या. मंडळाच्या अध्यक्षीणबाई आणि त्यांच्या दोन सावल्या. दर वर्षी हळदीकुंकवाला यायच्या, त्या वर्षी सकाळीच आल्या होत्या. वहिनी पायरीशी आल्या आणि बाई माझ्या कानाशी लागल्या. कानाशी म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल अशा. ‘‘शुभा, अगं यंदा तू घे ना. सवाष्णीच्या हातून यावी गं गौर. त्यांना कशाला उगीच अवघड वाटायला लावायचं?’’ बघा भाषा. ज्या बाईने इतकी वर्षं वेचून आणली, तिला अवघड वाटेल म्हणून तिच्या हातातून घ्यायची. दुसरी म्हणाली, ‘‘हो ना, वहिनींचंही मन राखायचंय.’’ तिसरीने नुसती मान हलवली. विनय गाडी लावत होता. मी तांब्या खाली ठेवला, दोन पावलं पुढे झाले आणि वहिनींच्या हातातून ताम्हन काढून घेतलं.

त्यांना बोलता आलं नाही. तोंडात गुळणी होती. बोलायचं तर ती थुंकायला हवी, आणि ओवाळून होण्याआधी गुळणी टाकली तर नेम मोडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या त्या खणखणीत आवाजाची मला अठ्ठावीस वर्षांत किती वेळा धास्ती वाटली असेल, आणि नेमकी त्या क्षणी त्यांच्या तोंडाला झडप लावलेली. बोगनवेलीपाशी जाऊन गुळणी टाकायची, तीही त्यांनी टाकली नाही. गिळली. मी डोळ्यांनी पाहिलं, गळा वर-खाली झाला. मग पाय न धुता, कोणाकडे न बघता आत गेल्या आणि बेडरूमचं दार लावून घेतलं.

मी गौर आणली. बायकांनी माझे पाय धुतले, ओवाळलं. मी फिरले. स्वयंपाकघरात उदंड आहे, बाहेरच्या खोलीत उदंड आहे. बेडरूमच्या बंद दारापाशी आले तेव्हा मी थांबले. अध्यक्षीणबाई मागून म्हणाल्या, ‘‘चल गं पुढे, ती खोली राहू दे.’’ आणि मी पुढे गेले. त्या घरात तेव्हा एकाच बाईला अक्कल होती, आणि ती आमच्यातली नव्हती. जुबेदाभाभी, दापोलीकडच्या, दोन घरं सोडून राहायच्या. दर वर्षी नारळ घेऊन यायच्या आणि घावन खाऊन जायच्या. त्यांनी सगळा प्रकार पायरीवरून पाहिला होता. चपला काढल्या, सरळ बेडरूमचं दार ठोठावलं, आत गेल्या. तासाभराने बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘मी पण बेवाच हाय. आमच्यात नवरा गेल्यावर इद्दतीचे दिस भरले की झालं. ईदला शीरखुर्मा माझ्याच हातचा लागतो सगळ्यांना. तुमी शिकली-सवरली माणसं ना?’’ मी म्हटलं, ‘‘भाभी, बायकांनी सांगितलं...’’ त्या म्हणाल्या, ‘‘हां, सांगितलं असंल.’’ आणि त्या दिवशी घावन न खाता गेल्या.

हे मी चार वर्षं सांगत आले. बायकांनी सांगितलं. विनयला सांगितलं, माझ्या आईला फोनवर सांगितलं, स्वतःला सांगितलं. त्या बाईंचा राग करणं सोपं होतं आणि बाई त्या रागाला लायकही आहेत. पण पुढल्या वर्षी तर बायका आल्याही नव्हत्या. तरी पहाटे साडेपाचला वहिनींनी ताम्हन माझ्या हातात दिलं, स्वतः गाडीतच बसून राहिल्या, आणि खडे मी वेचले. पाच मिनिटांत. कुठलेही.

त्याच वर्षी केतकीचा घटस्फोट झाला होता. ती जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, तिथेच राहते, तिची मुलगी इरा तेव्हा सहा वर्षांची. दादा गेल्यापासून वहिनींचा व्हिसा केतकीच्या नावावर होता. म्हणजे या देशात वहिनी राहत होत्या त्या लेकीच्या जिवावर. केतकी आदल्या दिवशी आली आणि म्हणाली, ‘‘आई, या वर्षी मी आणते. आय वॉन्ट टू.’’ तिला मराठी बोलायचा कंटाळा, सण म्हटला की फोटोपुरती येणारी मुलगी. ती आपण होऊन आणते म्हणाली! मला वाटलं, वहिनी उठून मिठी मारतील. वहिनी वाटाणे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘तू नको. तुला चालत नाही आता. इराला चालेल, ती कुमारिका आहे.’’ केतकी म्हणाली, ‘‘एक्सक्यूज मी?’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘नेम आहे. मला लागू झाला, तर तुलाही होणार.’’ केतकीने इराचा हात धरला, बॅग उचलली आणि रात्रीचं न जेवता निघून गेली. पुढची दोन वर्षं ती गौरीला आली नाही. पैसे, औषधं, डॉक्टर सगळं वेळेवर. गौरीला नाही.

त्या दिवशी मला वहिनींची किळस आली, हे मी आज त्या नसताना लिहिते आहे. त्यांच्यावर झालं ते सहन करून त्यांनी ते जपून ठेवलं आणि पहिली संधी मिळताच लेकीच्या पानात वाढलं. परंपरा पुढच्या पिढीला द्यायची म्हणून सगळे टाहो फोडतात ना? ही बघा दिली. घावन कसं घालायचं ते नाही शिकवलं, खडा कसा निवडायचा ते नाही शिकवलं. बाजूला कसं सारायचं, ते एका वाक्यात शिकवून मोकळ्या.

शेवटची भेट त्या जायच्या चार दिवस आधीची. हॉस्पिटलमध्ये मी एकटीच होते. श्वास लागत होता, पण आवाज होता. आषाढ संपत आला होता. त्यांनी विचारलं, ‘‘यंदा खडे कोण आणणार?’’ मी म्हटलं, ‘‘मी आहे ना वहिनी.’’ ‘‘हो. तू आहेसच,’’ त्या म्हणाल्या आणि खिडकीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आत्ता बोलावं. म्हटलं, ‘‘वहिनी, त्या दिवशी पायरीवर...’’ त्यांनी हात हलवला. ‘‘ते झालं. खलास.’’ मग नर्स येऊन गेल्यावर म्हणाल्या, ‘‘केतूला मी नको म्हणाले. का म्हणाले असेन गं? मला जे वाटलं, तेच तिलाही वाटावं, असं होतं का माझ्या मनात? शी! आईने असं करावं?’’ मी त्यांची चादर सारखी केली. ‘‘माझीच मला शिसारी येते, शुभा,’’ असं म्हणून त्यांनी पाणी मागितलं. दोन घोट प्यायल्या. केतकी आली तेव्हा त्या झोपल्या होत्या, आणि नंतर बोलण्यासारख्या राहिल्या नाहीत.

दहाव्या दिवसानंतर अध्यक्षीणबाई भेटायला आल्या. सोबत त्याच दोघी आणि बदामाच्या बिस्किटांचा डबा. सोफ्यावर बसून डोळे पुसले आणि लगेच कामाचं काढलं. ‘‘शुभा, यंदा तुमच्याकडे सण नाहीच, वर्षाचं सुतक. तर आम्ही विचार केला, आमच्या टॉवरच्या क्लबहाउसमध्ये वहिनींच्या स्मरणार्थ खड्यांच्या गौरीचं सेलिब्रेशन ठेवू. त्यांचा मोठा फोटो, नव्या मुलींसाठी वर्कशॉप, छान रील होईल. खडे ऑनलाइन मिळतात गं, पॉलिश केलेले, सोनेरी. पस्तीस दिरहमला पाकीट, म्हणजे आठशे रुपये फक्त.’’ मी विचारलं, ‘‘आणि गौर कोण आणणार, वर्कशॉपमध्ये?’’ त्या म्हणाल्या, ‘‘पाच सवाष्णी बोलवू ना.’’

अगदी सहज म्हणाल्या. विधवा म्हणून जिला दारातून मागे लोटलं, तिच्या फोटोसमोर पाच सवाष्णी! आणि फोटो कुठला, तर तो कुंकवाचा. मी म्हटलं, ‘‘बाई, तुम्हाला लाज कशी वाटत नाही?’’ त्या आधी हसल्या, मला दुःखाने बोलता येत नाहीये असं समजून. मी परत म्हटलं, तेच, हळू. बिस्किटांचा डबा त्यांच्या हातात दिला आणि दार उघडलं. ग्रुपमधून मला काढलं की मीच निघाले, ते आठवत नाही. विनय म्हणाला, ‘‘एवढं बोलायची गरज होती का?’’ मी म्हटलं, ‘‘चार वर्षांपूर्वी होती.’’

मग मी केतकीला फोन केला. म्हटलं, केतू, यंदा गौर तू आणायचीस. ती म्हणाली, ‘‘काकू, आय अ‍ॅम डिव्होर्स्ड, रिमेंबर? आई सेड नो.’’ मी म्हटलं, ‘‘आई चुकली. ती मला तसं बोलली.’’ हॉस्पिटलमधलं सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. मग ती म्हणाली, ‘‘लेट मी थिंक.’’ विनयने सुतकाचं काढलं, दीड महिनासुद्धा झाला नाही म्हणाला, गावाकडे कळलं तर काय म्हणतील म्हणाला. मी म्हटलं, म्हणू देत. वहिनींचं घर महिनाअखेरीला रिकामं करून द्यायचं होतं. त्या पायरीवरून गौर यायची तर हीच शेवटची.

ठरल्या दिवशी पहाटे साडेपाचला केतकी इराला घेऊन हजर होती. जीन्स, कुर्ता आणि पायात बूट. गाडी तिनेच चालवली; कुरकुरत का होईना, विनयही आला. समुद्रात उतरताना बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मग जे वाकली ती उठेचना. हा उचल, तो टाक, हा चिरलेला, त्याच्यावर डाग. पाऊण तास! आठी तीच, खालचा ओठ दाबून धरायची सवय तीच. मी दगडावर बसून बघत होते आणि मला पहिल्यांदा रडू आलं... चांगलं हमसून आलं. इरा मला टिश्यू देत होती. परतताना विनय चालवायला बसला. सव्वा तास केतकीच्या मांडीवर ताम्हन आणि गाडीत चिडीचूप. नऊ वर्षांची पोर, जिचं तोंड एरवी मिनिटभर बंद नसतं, तीही गप्प.

गल्लीच्या तोंडाशी तिने गुळणी घेतली. जुबेदाभाभी नारळ घेऊन पायरीवर आधीच उभ्या होत्या. मी तिचे पाय धुतले, ओवाळलं, भाभींनी लांबूनच तिची दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडली. केतकीने बोगनवेलीपाशी गुळणी टाकली आणि आत आली. निम्मं घर खोक्यांत भरलेलं. मी प्रत्येक खोलीत विचारलं आणि ती म्हणाली, उदंड आहे. बेडरूममध्ये पलंगसुद्धा नव्हता, तिथेही विचारलं, तिथेही म्हणाली. तिचे उच्चार अजूनही इंग्रजी शाळेतले आहेत. मला चालले.

दुसऱ्या दिवशी नैवेद्याला आम्ही वहिनींच्या स्वयंपाकघरात होतो. बिडाचा तवा तेवढा मी खोक्यात भरू दिला नव्हता. केतकी घावन घालत होती, म्हणजे फोनवर बघून घालायचा प्रयत्न करत होती आणि तवा तिचं ऐकत नव्हता. मी शेजारच्या शेगडीवर घाटलं ढवळत होते. इरा ओट्यावर पाय हलवत बसली होती, फाटलेली घावनं खात. खाता खाता म्हणाली, ‘‘शुभाआजी, हाउ कम आजी स्टॉप्ड ब्रिंगिंग द स्टोन्स?’’ मुलांना टाळाटाळ कळते. मी सरळ सांगितलं, ‘‘मी तिच्या हातातून काढून घेतले.’’ ‘‘व्हाय? डिड दोज आंटीज फोर्स यू?’’

उत्तर तयार होतं. चार वर्षं घोटलेलं. हो म्हटलं असतं की संपलं असतं, पोरीचा विश्वासही बसला असता. पण त्या बाईंनी माझा हात धरला नव्हता, ढकललं नव्हतं. त्या कुजबुजल्या आणि माझा हात लगेच पुढे झाला. इतका लगेच, की तो कित्येक वर्षं वाट बघत असणार. तेवीस वर्षं तांब्या धरला होता मी. एकदा तरी माझे पाय कोणी धुवावेत, एकदा तरी मी ‘उदंड आहे’ म्हणावं, आणि त्या अवघडून बाजूला उभ्या राहाव्यात, असं मला वाटायचं. वैधव्य त्यांना आलं आणि मला आयती वाट झाली. त्या बाईंची मला शिसारी येते ती एवढ्यासाठी, की त्यांनी माझ्या मनातलं ओळखलं.

‘‘नाही,’’ मी इराला म्हटलं, ‘‘कोणी जबरदस्ती केली नाही. मला ते हवं होतं.’’

इराने आईकडे पाहिलं. केतकीची माझ्याकडे पाठ होती. तिने उलथण्याने घावनाची कड सोडवली, आणि एरवी माझ्याशी इंग्रजीशिवाय न बोलणारी ती मुलगी मराठीत म्हणाली, ‘‘मला माहितीय, काकू. आईने सांगितलेलं, तेव्हाच.’’

‘‘काय सांगितलेलं?’’

‘‘हेच, की शुभाला ते कधीचं हवं होतं. आई म्हणायची, एकदा तोंड उघडून मागायचं होतं तिने. मी आनंदाने दिलं असतं.’’

घाटलं बुडाला लागायला लागलं होतं. इरा ‘‘शुभाआजी, बर्न होतंय’’ म्हणून ओरडली, तरी माझा हात हलेना.